मुलाचा हात कोणाच्या हाती द्यावा?

दिवाळीची किंवा नाताळची सुटी जवळ आली, की अलीकडे घरोघरी एक नवा हट्ट ऐकू येतो. पूर्वी मुले महाबळेश्वर मागत, माथेरान मागत, फार तर एखादा गड मागत. आता तेरा-चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी म्हणते, "आपण स्कूबाला जाऊ." हा हट्ट वाईट आहे असे मला मुळीच वाटत नाही. ज्या वयात मुले आईबापांबरोबर प्रवासास निघावयासही नाखूष असतात, त्या वयात एखादी गोष्ट त्यांना आपल्या सोबतीने करावीशी वाटावी, हे आपले भाग्यच म्हटले पाहिजे. प्रश्न एवढाच, की समुद्राच्या पोटात आपण या मुलाचा हात कोणाच्या हाती देणार? मालवणच्या किनाऱ्यावर पाऊल टाकताच दहा जण पुढे येतात, प्रत्येकाजवळ फलक असतो, प्रत्येकाच्या दूरध्वनीत माशांची सुंदर चित्रे असतात, आणि प्रत्येक जण दुसऱ्यापेक्षा शंभर रुपये कमी सांगतो. यांतून निवड कशी करावी, याविषयी आज चार गोष्टी बोलण्याचा विचार आहे.

प्रथम हे साहस म्हणजे काय, ते समजून घेणे अवश्य आहे. कारण साहसाचे स्वरूप कळल्यावाचून ते करविणाऱ्याची परीक्षा करता येत नाही. पाणबुड्याच्या पाठीवर दाबाखाली हवा भरलेले सिलिंडर असते आणि तोंडात रेग्युलेटर असतो. पाण्याचा दाब जसा वाढेल, त्या दाबाने हा रेग्युलेटर श्वासापुरती हवा देतो. कूस्तो व गान्याँ या दोघा फ्रेंच गृहस्थांनी १९४३ साली ही युक्ती सिद्ध केली आणि मनुष्य प्रथमच माशासारखा मोकळा हिंडू लागला. आपल्याकडे सर्रास "ऑक्सिजनचे सिलिंडर" म्हणतात, पण ते खरे नव्हे. आत असते ती साधी, गाळून दाबलेली हवा. शुद्ध ऑक्सिजन सहाएक मीटरांच्या खाली विषासारखा बाधू शकतो. तथापि ऑक्सिजनचे एक वेगळे नळकांडे नौकेवर अवश्य असले पाहिजे, कारण पाण्याखालील अपघातात पहिला उपचार तोच आहे. तेव्हा चौकशी करताना "ऑक्सिजन कोठे ठेवता?" असे सहज विचारून पाहावे. जाणता मनुष्य नौकेवरील ती हिरवी वा काळी पेटी उघडून दाखवील. अजाण मनुष्य पाठीवरच्या सिलिंडरकडे बोट दाखवील. एवढ्या एका प्रश्नाने पुष्कळ उलगडा होतो.

आता दाबाविषयी. समुद्राच्या पृष्ठभागावर आपल्यावर एका वातावरणाचा दाब असतो. दहा मीटर खाली गेले की तो दुप्पट होतो, वीस मीटरांवर तिप्पट. याचा अर्थ असा, की दहा मीटरांवर छाती भरून घेतलेला श्वास कोंडून जर कोणी वर आला, तर पृष्ठभागाशी पोहोचेपर्यंत तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुसे ती जागा कोठून देणार? म्हणून या विद्येचा पहिला व शेवटचा नियम असा, की श्वास कधीही कोंडू नये. आणि ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही, की सर्वांत मोठा फरक पहिल्या दहा मीटरांतच पडतो. "अहो, येथे पाणी उथळच आहे, घाबरता काय?" असे म्हणणारा आपले समाधान करीत असतो, शिक्षण देत नसतो. दीड-दोन मीटरांवरून कोंडल्या श्वासाने वर उसळी घेणेही छातीस अपायकारक होऊ शकते.

मालवण-तारकर्लीच्या बाजूस बहुसंख्य कुटुंबे जे करतात, तिला खरोखर चाखून पाहण्याची बुडी म्हणावी. किल्ल्याच्या आसपासच्या खडकांशी नौका नांगरतात. मनुष्य शिडीवरून उतरतो, तेथेच तोंडाने श्वास घेण्याचा थोडा सराव करतो, आणि मग वाटाड्या त्यास धरून काही मीटर खाली नेतो व फिरवून आणतो. येथे आपण पोहत नसतो, नेले जात असतो. यात कमीपणा काही नाही, परंतु आपला सारा भरवसा त्या एका माणसावर असतो, हे विसरता कामा नये. दुसरा प्रकार म्हणजे रीतसर अभ्यासक्रम. तो बहुधा तीन-चार दिवसांचा असतो. त्यात पाठ असतात, उथळ पाण्यातील सराव असतो, समुद्रात चार बुड्या असतात, आणि दोनशे मीटर पोहणे व दहा मिनिटे तरंगणे ही परीक्षाही असते. तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्थापन केलेली संस्था, कर्नाटकात मुरुडेश्वराजवळच्या नेत्राणी बेटावर जाणारी केंद्रे, अंदमानातील स्वराज द्वीप, म्हणजे २०१८ च्या डिसेंबरपर्यंत ज्यास हॅवलॉक म्हणत ते बेट, अशा ठिकाणी हे शिक्षण मिळते. या दोहोंपैकी आपण काय विकत घेत आहोत, हे पैसे देण्यापूर्वी स्वच्छ विचारावे. दहा मिनिटांच्या फेरफटक्यानंतर मोठ्या अक्षरांचे "प्रमाणपत्र" हाती देण्याची एक प्रथा आहे. ते भिंतीवर लावावयास ठीक. त्याने मुलगा पाणबुड्या होत नाही.

वयाचे नियमही सांगून टाकतो. पाडी ही १९६६ साली निघालेली संस्था जगभर प्रसिद्ध आहे. तिच्या नियमांप्रमाणे पहिल्या अनुभवाची बुडी दहा वर्षे पूर्ण झाल्यावाचून खुल्या समुद्रात देता येत नाही, आणि तीही बारा मीटरांच्या आतच. प्रमाणपत्र मिळविलेल्या बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना अठरा मीटरांची मर्यादा असते व सोबत प्रमाणित प्रौढ मनुष्य लागतो. पंधरा वर्षांनंतर मूल या जगात प्रौढ गणले जाते. आपल्या मुलाचे वय प्रामाणिकपणे सांगावे. ते न विचारताच पैसे घेणाऱ्याकडे मात्र पाठ फिरवावी.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. माझ्या मते स्कूबावाल्याची खरी पारख त्याच्या नकारावरून होते. जो "नाही" म्हणू शकतो, तोच विश्वासास पात्र. त्याचे पोट आपल्या पैशावर चालते, हंगाम चार-सहा महिन्यांचा, नौकेचे हप्ते डोक्यावर. अशा माणसाने दारी आलेले गिऱ्हाईक परत पाठविणे ही लहान गोष्ट नव्हे. म्हणूनच त्या नकाराला मोल आहे. एखादा तांडेल सकाळी किनाऱ्यावर उभा राहून समुद्राकडे पाहतो, "आज नको, वारो फिरलो," एवढेच म्हणतो आणि जाळे विणावयास बसतो. आपला दिवस फुकट गेल्याने आपल्याला चीड येते. वास्तविक त्याच क्षणी आपणांस योग्य मनुष्य भेटलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडेच गेले पाहिजे.

हा नकार आगाऊ कसा पारखावा? त्याचे एक सोपे साधन आहे. बुडीपूर्वी प्रकृतीविषयीचे प्रश्नपत्रक भरून घेण्याची रीत आहे. दमा आहे काय, अपस्माराचे झटके येतात काय, कानाची शस्त्रक्रिया झाली काय, हृदयाचा विकार आहे काय, असे प्रश्न त्यात असतात. काही प्रश्नांस "होय" असे उत्तर आले तर डॉक्टरांची लेखी संमती लागते. अठरा वर्षांखालील मुलाच्या पत्रकावर पालकाची सही असते. काही ठिकाणी असे दिसते, की पत्रक पुढे सरकवतानाच सांगणारा सांगतो, "सगळीकडे 'नाही' लिहा, म्हणजे झाले." श्रोतेहो, हे वाक्य कानी पडताच उठावे. ज्याला आपल्या मुलाच्या दम्याविषयी ऐकावयाचेच नाही, तो पाण्याखाली त्याच्या धापेकडे कितीसे लक्ष देणार? उलट दूरध्वनीवरच, पैशाची गोष्ट निघण्यापूर्वी, "मुलाला काही त्रास? औषध चालू आहे? सर्दी आहे?" असे जो विचारतो, त्याचा दर दोनशे रुपयांनी अधिक असला तरी तो स्वस्तच समजावा.

सर्दीचा उल्लेख मी सहज केला नाही. आंबोलीचा वा फोंड्याचा घाट उतरताना कानांना दडे बसतात, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. पाण्यात तेच दडे फार जलद व फार जोराने बसतात. पहिल्या दोन-तीन मीटरांतच कानाचा पडदा आत दाबला जाऊ लागतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर घातली म्हणजे तो मोकळा होतो. पण सर्दीने नळी बुजलेली असेल तर होत नाही. अशा वेळी जोर करणे म्हणजे पडदा फाडून घेणे. त्या दिवशी बुडी मारूच नये. आणि येथे चौदा वर्षांच्या वयाचा स्वभाव आडवा येतो. दहा वर्षांचे मूल कान दुखला तर रडते. चाळिशीचा मनुष्य हात वर करून परत फिरतो. परंतु चौदा वर्षांचा मुलगा दात आवळून खाली जातो. वडिलांनी एवढे पैसे भरले आहेत, धाकटी बहीण नौकेवरून पाहत आहे, शाळेत सांगून झाले आहे. आता "मला भीती वाटते" हे शब्द त्याच्या तोंडून कसे निघावेत? त्यात तोंडात रेग्युलेटर, म्हणजे बोलण्याची सोयच नाही.

म्हणून वाटाड्या असा हवा, की जो उतरण्यापूर्वी मुलाला बाजूस घेऊन खुणा शिकवितो: ठीक आहे, ठीक नाही, कान दुखतो, वर चला. या खुणा तो मुलाकडून दोन-तीन वेळा करवून घेतो, आणि आपल्यादेखत त्यास सांगतो, की "तू वर चल म्हणालास तर मी कारण विचारणार नाही." हे वाक्य तो बोलला नाही तर आपण बोलावे. किंबहुना ते आपण घरूनच बोलून निघावे, आणि पैसे बुडाले तरी चालतील असे पुढे जोडावे. कारण मुलाच्या मनावरचे अर्धे ओझे त्या पैशांचेच असते. बुडी रद्द झाल्यास वा मूल अर्ध्यावरून परतल्यास पैशाचे काय, हे स्कूबावाल्याला मुलासमोरच विचारून घ्यावे. उत्तर काहीही येवो, मुलाला आपला हेतू कळतो.

ज्याच्याशी आपण बोललो तोच मनुष्य पाण्यात असेल, असे मात्र धरून चालू नये. उतरावयाच्या घराचा मालक एका दलालास सांगतो, दलाल नौकेस सांगतो, आणि नौकेवर त्या दिवशी जो हजर असेल तो पाण्यात उतरतो. म्हणून एकच आग्रह धरावा: "माझ्या मुलाबरोबर पाण्यात जाणार तो मनुष्य आधी मला भेटू दे." तो प्रशिक्षक आहे की नुसता साहाय्यक, त्याचे ओळखपत्र कोणत्या संस्थेचे व चालू वर्षाचे आहे काय, हे पाहावे. पाडीसारख्या संस्थांच्या प्रशिक्षकास क्रमांक असतो व तो संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. असे विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. चांगला प्रशिक्षक खिशातून कार्ड काढतो तेव्हा त्यास आनंदच होतो, कारण ते त्याने कष्टाने मिळविलेले असते. त्याने एका वेळी किती जण नेणे आहे तेही विचारावे. नवशिक्यांसाठी एकास एक हे प्रमाण मी धरून चालतो, आणि मुलाच्या बाबतीत त्याहून सैल प्रमाण कोणी सांगितले तर ऐकू नये.

आता एक गोष्ट, जी पुष्कळ आईबापांस रुचणार नाही. बाप-लेक किंवा माय-लेक ही जोडी पाण्याबाहेर कितीही गोड असली, तरी पाण्याखाली ती एकमेकांची रक्षक होऊ शकत नाही. पाणबुड्यांच्या रीतीत दोघांची जोडी असते, आणि एकाची हवा संपली तर दुसऱ्याने आपला जादा रेग्युलेटर त्यास द्यावयाचा असतो. तुम्ही व तुमची मुलगी दोघांनी त्याच आठवड्यात अभ्यासक्रम पुरा केलात, तर नियमाच्या दृष्टीने तुम्ही तिचे "प्रमाणित प्रौढ" झालात. पण खरे पाहता तेथे दोन नवशिके आहेत, एवढेच. त्यांतील एकाचे सारे चित्त दुसऱ्यावर लागलेले असते, आणि आपले मापक पाहावयाचे तो विसरतो. आईची दृष्टी मुलीच्या बुडबुड्यांवर, आणि स्वतःची हवा किती उरली याकडे लक्ष नाही, हा प्रकार वात्सल्यातूनच घडतो. म्हणून प्रमाणपत्र असले तरी पहिल्या काही बुड्यांना निराळा वाटाड्या पैसे देऊन घ्यावा, आणि चाखून पाहण्याच्या बुडीत तर दोघांना दोन वाटाडे असलेच पाहिजेत. जो स्कूबावाला हसून म्हणतो, "आईच आहे ना बरोबर, मग कशाला दुसरा माणूस?", तो आपले मन ओळखतो, पण आपला धंदा ओळखत नाही.

साहित्याविषयी फार बोलत नाही, कारण सामान्य मनुष्यास ते फारसे पारखता येत नाही. तरी तीन गोष्टी दिसतात. सिलिंडरच्या खांद्यावर जलदाब परीक्षेची तारीख ठोकलेली असते. ती पाच वर्षांपेक्षा जुनी नसावी. हवा भरणारे यंत्र ज्या बाजूने हवा ओढून घेते, तेथे एखाद्या इंजिनाचा धूर येत नसावा. आणि रेग्युलेटरमधून घेतलेल्या पहिल्या श्वासाला तेलाचा वास आला तर त्या सिलिंडरने बुडी मारू नये. मुलाचा चष्मा व पावलांचे पर त्याच्या मापाचे असावेत. मोठ्यांचे जाकीट दोरीने आवळून मुलास घालणे म्हणजे धोतर नेसवून शर्यतीस उभे करणे.

नौकेकडे मात्र डोळसपणे पाहावे. स्कूबा म्हटले की आपली सारी भीती पाण्याखाली जाऊन बसते, आणि वरचा प्रवास आपण सहलीसारखा समजतो. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची नौका उलटली व दोघांचे प्राण गेले. ते पाण्याखालून सुखरूप वर आले होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तेव्हा नौकेत किती माणसे घेतली आहेत ते मोजावे, प्रत्येकाच्या अंगावर तरंगणारे जाकीट आहे काय ते पाहावे, आणि जाताना जसे घातले तसे येतानाही घालावे. परतताना सगळे भिजलेले, दमलेले, भुकेलेले असतात, आणि जाकिटांचा ढीग एका कोपऱ्यात पडलेला असतो.

आणखी एक लहानशी खूण. मालवणचा हा समुद्र १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे. पोवळ्यांचे खडक म्हणजे दगड नव्हेत. ते जिवंत प्राण्यांनी बांधलेले आहेत, आणि पाय दिल्यास मोडतात. जो वाटाड्या छायाचित्र चांगले यावे म्हणून माशांपुढे पाव कुस्करतो व मुलाला पोवळ्यावर उभे करतो, त्याचे लक्ष चित्राकडे आहे. ज्याचे लक्ष चित्राकडे आहे, त्याचे लक्ष मुलाच्या कानाकडे नाही. छायाचित्रकार निराळा असेल तर गोष्ट वेगळी.

हंगामाचेही भान हवे. मेच्या अखेरीस आपल्या किनाऱ्यावर हे खेळ बंद होतात ते पावसाळा सरेपर्यंत. पाणी निवळते ते दिवाळीनंतर, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यातल्या त्यात उत्तम. म्हणून मुलांच्या मेमधल्या सुटीपेक्षा नाताळची सुटी या कामी बरी. तरीही कोकणातील पाणी अंदमानाइतके आरपार दिसेल अशी आशा धरू नये. आणि तसे वचन देणाऱ्याच्या इतर वचनांकडेही जरा संशयाने पाहावे. विम्याचे कागद घरूनच वाचून निघावे, कारण पुष्कळ प्रवासी विम्यांतून पाण्याखालील साहस वगळलेले असते. गंभीर प्रसंगी रोग्यास दाबकक्षात ठेवावे लागते, आणि असे कक्ष आपल्या देशात मोजकेच आहेत. मुंबईस नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात आहे, पण मालवणहून मुंबई पाचएकशे किलोमीटर. "प्रसंग आला तर कोठे नेणार, कोणत्या वाहनाने?" या प्रश्नाचे उत्तर स्कूबावाल्याजवळ तोंडपाठ असावे.

परतीच्या प्रवासाची आखणीही यातच येते. दाबाखाली श्वास घेताना हवेतील नायट्रोजन रक्तात मुरतो, आणि तो सावकाश बाहेर पडू द्यावा लागतो. लगेच उंचीवर गेल्यास त्याचे बुडबुडे होतात. म्हणून एका साध्या बुडीनंतर बारा तास, आणि रोज अनेक बुड्या मारल्या असतील तर किमान अठरा तास, विमानात बसू नये असे सांगतात. आपल्याकडे विमानाइतकाच घाटाचा विचार केला पाहिजे. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंच आहे. अभ्यासक्रमाच्या शेवटच्या दिवशी दोन बुड्या मारून संध्याकाळी मोटारीने कोल्हापूरकडे निघणे शहाणपणाचे नव्हे. स्कूबावाल्याने आपण होऊन "परत कधी व कोणत्या वाटेने जाणार?" असे विचारले, तर तो आपला व्यवसाय जाणतो असे समजावे.

तेव्हा शेवटचा दिवस कोरडा ठेवावा. मालवणच्या धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्गावर जावे, १६६४ साली जेथे बांधकामास आरंभ झाला तो तट मुलांसह पायी फिरून पाहावा, चहूकडे खारे पाणी असून आतल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना गोडे पाणी कसे, यावर त्यांना डोके खाजवू द्यावे, आणि तटाच्या ज्या बाजूस आपण आदल्या दिवशी पाण्याखाली होतो ती बाजू वरून दाखवावी.